मगन आप्पांचा शेरा

दवाखान्यात कोणी पळताना दिसलं की बाहेर बसलेले लोक घाबरून उठून उभे राहतात. आमच्या दवाखान्यात मात्र लोकांना त्याची सवय झाली होती, कारण मगन आप्पा जवळजवळ रोजच पळायचे. वय अठ्ठावन्न, पोट सुटलेलं, पायात रबरी चपला आणि हातात सरळ उभी धरलेली काचेची नळी. वॉर्डापासून प्रयोगशाळेपर्यंतचा लांबलचक व्हरांडा ते धापा टाकत पार करायचे. त्या नळीत कोणाच्या तरी छातीतून नुकतंच काढलेलं पाणी असायचं. नळ्या पोचवायला माणूस होता, पण छातीचं पाणी आप्पा दुसऱ्याच्या हाती देत नसत. वाटेत तो कुठे चहाला थांबला तर पाण्यातल्या पेशी सुकतात, फुगतात, ओळखू येत नाहीत, असं त्यांचं म्हणणं. एकदा मी हसून म्हटलं, "आप्पा, पडाल एखाद्या दिवशी." ते म्हणाले, "मी पडलो तर उठीन, मॅडम. नळी पडली तर त्या माणसाला परत सुई टोचावी लागेल."

तापीच्या पट्ट्यातल्या एका धर्मादाय दवाखान्यात आप्पा पंचवीस वर्षं प्रयोगशाळा सांभाळत होते. मी तिथे छातीच्या आजारांची डॉक्टर म्हणून गेले तेव्हा एकोणतीस वर्षांची होते. पदवी नवी होती, आणि त्या पदवीचा तोराही नवा होता. आमच्याकडे खालच्या गावांतले शेतकरी यायचे तसेच सातपुड्यातले लोकही यायचे. धडगावच्या वरच्या पाड्यांवरून दोन तास पायी उतरायचं, मग जीपमध्ये दाटीवाटीने बसून घाट उतरायचा आणि दुपारी दवाखान्याच्या पायरीवर येऊन टेकायचं. खोकला, ताप, एका बाजूला दुखणं, श्वास अपुरा. छातीचा एक्स-रे फोटो काढला की फुप्फुसाच्या भोवती पाणी साठलेलं दिसायचं. आमच्या भागात असं पाणी बहुतेक वेळा क्षयाचं असतं. पण ते कर्करोगाचंही असू शकतं, आणि दोन्ही पाणी दिसायला सारखंच असू शकतं.

हा फरक ओळखणं हाच आप्पांच्या आयुष्याचा ध्यास होता. क्षयाचे जंतू त्या पाण्यात सहसा सापडत नाहीत. मग शोधायचं ते जंतूशी लढायला आलेल्या आपल्याच पेशींच्या खुणा. त्या लढणाऱ्या पेशी एडीए नावाचं एक द्रव्य बनवतात. क्षयाच्या पाण्यात ते भरपूर असतं, कर्करोगाच्या पाण्यात बहुधा कमी. आमच्याकडे ते मोजण्याची सोय होती, आणि चाळीसच्या वर आकडा गेला की आम्ही क्षय म्हणायचो. आप्पा मात्र तेवढ्यावर कधी समाधान मानत नसत. पेशी कोणत्या, किती, साखर किती, माणसाचं वय काय, विडी ओढतो का, हे सगळं विचारत बसायचे. माझ्याशी ते शाळेतलं मराठी बोलायचे, पण विषय रंगला की घरातली अहिराणी बाहेर यायची. "एकटा आकडावर भरोसा ठेवू नका, मॅडम," ते म्हणायचे. "त्याले जोडीदार पाहिजे."

आप्पा गुजर समाजातले. सारंगखेड्याच्या अलीकडे त्यांचं गाव, घरची केळी आणि ऊस. शेती दोन भाऊ बघायचे. आप्पा पण सुट्टीच्या दिवशी बागेत असायचे, त्यामुळे त्यांचे दाखले सगळे केळीचे. एकदा मी एका रुग्णाची सुई लावून तपासणी टाळत होते, कारण तो घाबरला होता आणि फोटोवरून मला निदान स्पष्ट वाटत होतं. आप्पा म्हणाले, "पान पिवळं पडनं तर पानी जास्त व्हयनं का रोग उना, ते पान दखीसन कळत नही. खोड कापीसन दखनं पडस." पान पाहून कळत नाही, खोड कापूनच बघावं लागतं, हे मला पटलं आणि मी तपासणी केली. निदान माझंच बरोबर निघालं. आप्पांना त्याचा जास्त आनंद झाला. ते म्हणाले, आता तुम्हाला नुसतं वाटत नाही, आता तुम्हाला माहीत आहे.

रिपोर्ट देऊन ते मोकळे होत नसत. सहा महिन्यांनी त्या माणसाचं काय झालं, हे त्यांना कळावं लागायचं. दर सोमवारी जेवणाच्या सुट्टीत ते जीपच्या अड्ड्यावर जाऊन उभे राहायचे आणि वरून आलेल्या लोकांना विचारायचे: अमक्या पाड्यावरचा तमका कसा आहे, त्याचं वजन वाढलं का, कामाला जातो का. ड्रायव्हर त्यांना ओळखायचे. निरोप यायचे, कधी बरे, कधी वाईट. एखादा गेला असं कळलं की आप्पा परत येऊन त्याची काच, म्हणजे पेशी पसरून रंगवलेली ती काचेची पट्टी, खोक्यातून काढायचे आणि सूक्ष्मदर्शकाखाली पुन्हा बघत बसायचे. दवाखान्याच्या नियमापेक्षा कितीतरी जास्त काळ ते काचा जपून ठेवत.

सारंगखेड्याच्या घोड्यांच्या यात्रेला त्यांनी मला एकदा नेलं होतं. मला वाटलं, घोडे दाखवतील. घोड्यांकडे त्यांनी ढुंकूनही पाहिलं नाही. लगाम आणि घुंगरू विकणाऱ्या एका म्हाताऱ्याच्या दुकानापुढे ते जाऊन उभे राहिले. सत्तरीचा माणूस, हातावर शिरा दिसणारा, पण ताठ. आप्पांनी त्याला विचारलं, "काय बाबा, खोकला शे का?" म्हाताऱ्याने त्यांचे पाय धरले. नंतर जिलबी खाताना आप्पांनी मला त्याची हकिकत सांगितली. जन्मभर विडी ओढलेला माणूस, छातीत पाणी, एडीए फक्त अठ्ठावीस. दोन डॉक्टरांनी कर्करोग सांगून घरी न्यायला सांगितलं होतं. आप्पांना पटेना. म्हाताऱ्या शरीरात लढणाऱ्या पेशींचा जोर ओसरलेला असतो, तेव्हा आकडा कमी येऊ शकतो, असं त्यांनी कुठेतरी वाचलं होतं. त्यांनी तेव्हाच्या डॉक्टरांच्या मागे लागून पाणी बर्फात घालून सुरतेला पाठवलं, तिथे इंटरफेरॉन नावाची दुसरी खूण मोजून घेतली. ती भरपूर निघाली. मग फुप्फुसाच्या आवरणाचा तुकडा काढून तपासला. क्षय होता. सहा महिन्यांच्या गोळ्यांनी म्हातारा उठून बसला. "कमी आकड्याने एकाला मारलं असतं," आप्पा म्हणाले. "जास्त आकडाही कोणाला मारू शकतो. तो मात्र अजून माझ्यापुढे आलेला नाही."

तो आला तेव्हा मी तिथे होते.

बिजली नाव तिचं. तिशीच्या आतबाहेरची, धडगावच्या वरच्या एका पाड्यावरची. नवरा रामसिंग तिला पाठीवर घेऊन जीपपर्यंत आला होता. दिवाळीनंतर दोघं दरवर्षी गुजरातेत ऊसतोडीला जायचे, एक मुलगी आजीजवळ ठेवून. बिजलीला महिनाभर ताप होता, वजन उतरलं होतं, उजव्या बाजूला पाणी भरलं होतं. मी पाणी काढलं. फिकट पिवळं, क्षयात असतं तसं. आप्पा नळी घेऊन पळाले. संध्याकाळी रिपोर्ट आला, एडीए बावन्न. पेशी जवळजवळ सगळ्या लिम्फोसाइट, म्हणजे लढणाऱ्या पांढऱ्या पेशी. माझ्या दृष्टीने विषय संपला होता.

रिपोर्टच्या तळाशी मात्र आप्पांनी निळ्या शाईत एक शेरा लिहिला होता: पेशी एकसारख्या दिसतात, पाणी पुन्हा काढून पेशीतज्ज्ञाकडे पाठवावे. मी त्यांच्याकडे गेले. त्यांनी मला सूक्ष्मदर्शकातून बघायला लावलं. क्षयाच्या पाण्यात या पेशी लहानमोठ्या, सरमिसळ असतात, बाजाराला आलेल्या लोकांसारख्या, असं त्यांनी समजावलं. "ह्या बठ्या एकसारख्या दिसतस, मॅडम. एक साचामाईन काढेल." त्यांचं म्हणणं असं होतं, की लढायला आलेल्या पेशीच जर बिघडलेल्या असतील तर एडीएचा आकडा वाढणारच. आकडा क्षयाचा दिसेल आणि आजार लसिका ग्रंथींच्या कर्करोगाचा असेल.

मला ते कळलं नाही असं नाही. मी पुस्तकात वाचलं होतं. पण आठवड्यापूर्वीच आमच्या मुख्य डॉक्टरांनी मला सगळ्यांसमोर झापलं होतं, कारण जादा तपासण्यांची वाट बघत मी एका क्षयाच्या रुग्णाचे उपचार लांबवले होते आणि तो मधेच निघून गेला होता. सगळे त्यांना मोठे साहेब म्हणत. त्यांचा शब्द मला फार लागला होता. शिवाय पेशीतज्ज्ञ नाशिकला. पाणी पुन्हा काढायचं, पाठवायचं, आठ-दहा दिवस थांबायचं, आणि तोवर ही माणसं डोंगरात गेली की परत कधी दिसणार? आणि खरं सांगायचं तर आणखी एक गोष्ट होती. प्रयोगशाळेतल्या माणसाने मला निदान शिकवावं, हे मला सहन झालं नाही.

मी नर्ससमोर म्हणाले, "आप्पा, निदान करणं तुमचं काम नाही. तुम्ही दिसेल ते लिहायचं, मत लिहायचं नाही. हा कागद दुसरा करून द्या."

आप्पांनी नवीन कागद घेतला, आकडे तसेच उतरवले, सही केली आणि शेऱ्याची जागा कोरी ठेवली. जुना कागद त्यांनी माझ्यासमोर चुरगळून टाकला. एवढंच म्हणाले, की काच मी ठेवतो.

बिजलीला क्षयाच्या गोळ्या सुरू झाल्या. पाणी लवकर आटावं म्हणून मी सोबत काही आठवडे स्टिरॉइड दिलं. महिन्याभराने रामसिंग तिला घेऊन आला तेव्हा ती स्वतःच्या पायांनी चालत आली होती. ताप गेला होता, फोटोत पाणी निम्म्याहून कमी झालं होतं. मी तो फोटो हातात घेऊन प्रयोगशाळेत गेले. तिथे दोन नर्स होत्या, एक शिकाऊ मुलगी होती. सगळ्यांना ऐकू जाईल असं मी म्हणाले, की आप्पा, बघा, औषध लागू पडलं. आप्पांनी फोटो खिडकीशी धरून बघितला. "बरं झायं," ते म्हणाले. "मन्ही चूक व्हती." त्यांच्या चेहऱ्यावर खरंच आनंद होता. मला मात्र जिंकल्यासारखं वाटलं होतं. स्टिरॉइडने त्या कर्करोगाच्या पेशीही काही दिवस दबतात, हेही मी पुस्तकात वाचलं होतं. त्या दिवशी मला ते आठवलं नाही.

दिवाळी झाली आणि बरं वाटतंय म्हणून बिजली नवऱ्याबरोबर ऊसतोडीला गेली. आप्पा सोमवारी अड्ड्यावर तिची चौकशी करत राहिले. माघात ती परत आली ती जीपमध्ये आडवी झोपून. मानेत दोन्ही बाजूंना लिंबाएवढ्या गाठी, छाती पुन्हा पाण्याने भरलेली. आप्पांनी खोक्यातून तिची जुनी काच काढली, नवी काच बनवली आणि दोन्ही घेऊन स्वतः रात्रीच्या गाडीने नाशिकला गेले. तिसऱ्या दिवशी पेशीतज्ज्ञांचा फोन आला. दोन्ही काचांवर एकच आजार होता. लिम्फोमा, आप्पांना शंका होती तोच लसिका ग्रंथींचा कर्करोग. त्यांनी मला विचारलं, पहिली काच तेव्हाच का पाठवली नाही? मी म्हणाले, राहून गेलं.

बिजलीला आम्ही सुरतेला पाठवलं. या आजारावर औषधं आहेत, आणि वेळेवर मिळाली तर अनेक माणसं बरी होतात. तिला दोन वेळा औषध देता आलं. दुसऱ्या वेळेनंतर तिला जंतुसंसर्ग झाला, आणि तो तिच्या अंगाला पेलला नाही, त्यातच ती गेली. रामसिंगने तिला पाड्यावर नेलं. पाच महिने आधी तिला औषध मिळालं असतं तर ती जगली असती का, हे कोणी छातीठोकपणे सांगू शकत नाही. मी हे वाक्य स्वतःला पुष्कळदा ऐकवलं आहे. त्याने काही होत नाही.

मोठ्या साहेबांनी आम्हा दोघांना बोलावलं. टेबलावर बिजलीची फाइल उघडी होती. त्यांनी पहिला रिपोर्ट काढला, शेऱ्याच्या कोऱ्या जागेवर बोट ठेवलं आणि आप्पांना विचारलं, की नाशिकच्या पेशीतज्ज्ञ बाईंना त्या काचेत जे दिसलं ते तुम्हाला पंचवीस वर्षांच्या अनुभवाने दिसलं नाही? आप्पा फाइलकडे बघत होते. त्यांनी माझ्याकडे एकदाही पाहिलं नाही. त्यांनी पाहिलं असतं तर कदाचित मी बोलले असते. मी खुर्चीत बसून होते, माझे हात मांडीवर होते, आणि माझ्या तोंडातून शब्द निघाला नाही.

"मन्ही नजरमाईन सुटनं, साहेब," आप्पा म्हणाले.

त्यानंतर छातीच्या पाण्याच्या काचा बाहेर पाठवायचा नियम झाला. चांगलाच नियम होता तो, आप्पा स्वतः तो कधीपासून मागत होते. पण सोबत असंही ठरलं, की आप्पांनी पाण्याला हात लावायचा नाही. त्यांच्याकडे रक्तातली साखर आणि लघवीच्या तपासण्या राहिल्या. व्हरांड्यातलं पळणं थांबलं. समोरून येताना ते मला पूर्वीसारखाच नमस्कार करायचे, पाड्यावरच्या लोकांची विचारपूस करायचे. मी घाईत असल्याचं दाखवून पुढे जायचे. सहा महिन्यांनी, नोकरीची मुदत शिल्लक असताना, त्यांनी काम सोडलं. निरोपाच्या दिवशी सगळ्यांनी भाषणं केली. मीही केलं. आप्पांचा काटेकोरपणा, आप्पांची तळमळ, असं काहीतरी बोलले. टाळ्या वाजल्या. आप्पा हात जोडून उभे होते. तिथे बोलायला मला संधी होती, लाऊडस्पीकरसुद्धा होता.

पुढे मी दवाखाना सोडून नाशिकला एका वैद्यकीय महाविद्यालयात गेले. तिथे आमच्या विभागात छातीच्या पाण्यातल्या अशाच खुणांवर काम चालतं: एडीए, इंटरफेरॉन, पेशींचं प्रमाण, सगळं एकत्र धरून क्षय की कर्करोग हे किती खात्रीने सांगता येईल, यावर. त्या कामात मला बरं नाव मिळालं. एका बैठकीत मी बोलता बोलता म्हणून गेले, की एकट्या आकड्यावर भरोसा ठेवू नये, त्याला जोडीदार लागतो. लोकांना ते फार आवडलं. कोणीतरी विचारलं, हे सुंदर वाक्य कुणाचं? मी म्हणाले, आमच्या एका तंत्रज्ञांचं. त्यांचं नाव विचारलं नाही कोणी, आणि मीही सांगितलं नाही. त्या रविवारी मी सारंगखेड्याची गाडी पकडली.

आप्पा बारीक झाले होते. हृदयाचं दुखणं होतं, पायांवर सूज होती. मला बघून त्यांच्या बायकोने, काकूंनी, शेवभाजी करायला घेतली. आप्पा म्हणाले, चला ताई, तोवर बाग दाखवतो. दवाखान्यात ते मला मॅडम म्हणायचे, त्या दिवशी पहिल्यांदा ताई म्हणाले. केळीच्या दोन ओळींमधे उभं राहून मी त्यांना सगळं बोलले. तुमचा शेरा मी काढायला लावला, साहेबांसमोर मी गप्प बसले, तुमचं काम माझ्यामुळे गेलं. आप्पा एका वाळक्या पानाचा देठ तोडत ऐकत होते.

"तुम्ही सांगं, पन लिखं मीच," ते म्हणाले. "सही मन्ही शे."

मी म्हणाले, की तुम्हाला नाही म्हणता आलं नसतं. ते म्हणाले, आलं असतं. पंचवीस वर्षांत तीन डॉक्टरांना त्यांनी नाही म्हटलं होतं. त्या दिवशी दमले होते, वादाचा कंटाळा आला होता, म्हणून त्यांनी कागद बदलून दिला. त्याची टोचणी त्यांना माझ्यापेक्षा कमी नव्हती, हे मला तेव्हा कळलं. मग ते सहज बोलल्यासारखं म्हणाले, की बिजली गेल्यावर पंधरा दिवसांनी ते धडगावला गेले होते, तिथून पायी वर पाड्यावर. रामसिंगला सांगून आले, की पहिल्या तपासणीत माझ्याकडून चूक झाली.

"तुम्ही कशाला गेलात?" मी विचारलं.

"कोनी तरी सांगाले पाहिजे व्हतं," आप्पा म्हणाले.

मी तिथल्या तिथे म्हणाले, की मी जाईन रामसिंगकडे, खरं काय ते सांगेन. आप्पा नको म्हणाले नाहीत. जा, म्हणाले. धडगावहून पुढची जीप सकाळी लवकर सुटते, नंतर जागा मिळत नाही, आणि जीप जिथे सोडते तिथून ओढ्याच्या डाव्या अंगाने जायचं, अशी वाटही त्यांनी नीट समजावली. मग आम्ही जेवायला गेलो. घरात याबद्दल ते अवाक्षर बोलले नाहीत, म्हणून मीही बोलले नाही.

मी गेले नाही. त्या महिन्यात परीक्षा घ्यायच्या होत्या. नंतर घाटात दरड कोसळून रस्ता बंद होता. मग रामसिंग ऊसतोडीला गेला असेल, असं मी स्वतःच ठरवून टाकलं. मग आणखी काही. प्रत्येक कारण खरं होतं. अशी दोन वर्षं गेली. मधे आप्पांचा दोनदा फोन आला. प्रकृतीचं बोलले, नव्या तपासण्यांबद्दल बारीकसारीक विचारलं. मी गेले का, हे त्यांनी दोन्ही वेळा विचारलं नाही.

दिवाळीच्या आधी त्यांची मुलगी ज्योती हिचा फोन आला. आप्पा सकाळी बागेत जायला निघाले आणि ओट्यावरच बसले ते बसले. मी दहाव्याला गेले. तिथून परतले नाही, धडगावला मुक्कामाला गेले. दुसऱ्या दिवशी सकाळची जीप पकडली.

आप्पांनी सांगितलेल्या वाटेनेच मी वर गेले. रामसिंग घरी होता. बिजलीनंतर त्याने ऊसतोड सोडली होती, डोंगरउतारावरच्या स्वतःच्या तुकड्यात मका आणि तूर करत होता. त्याने मला लगेच ओळखलं. खाट टाकली. त्याची मुलगी तांब्याभर पाणी घेऊन आली, आईसारखीच उंच दिसत होती. मी पाणी प्यायले. चढून आल्यामुळे घसा कोरडा पडला होता, सगळा तांब्या संपवला. मग सांगायला सुरुवात केली. तुटक तुटक, सोप्या मराठीत, त्याला कळेल असं. आप्पांना पहिल्याच दिवशी शंका आली होती. त्यांनी तसं लिहिलं होतं. मी ते काढायला लावलं. चूक माझी होती, त्यांची नाही.

रामसिंगने मला शब्दानेही दुखावलं नाही.

"तो म्हातारा आला होता," तो म्हणाला. "तिथं, महूच्या झाडाखाली उभा होता. चूक झाली म्हणाला. मी त्याला घरात घेतलं नाही. पाणी पण दिलं नाही. एवढं चढून आला होता, आणि मी पाणी दिलं नाही."

रिकामा तांब्या मी खाटेच्या पायाशी ठेवला.

"आता त्याला बोलवतो मी," रामसिंग म्हणाला. "तुम्ही निरोप द्या."

मी सांगितलं, की ते गेले. अकरा दिवस झाले.

त्याने मान वर करून माझ्याकडे पाहिलं. अकरा दिवस म्हणजे काय, हे त्याला चांगलं समजलं होतं. तुम्ही आधी का आला नाहीत, असं त्याने विचारलं असतं तर माझ्याकडे परीक्षा होत्या, दरड होती. त्याने विचारलं नाही. आप्पांचं गाव कोणतं, घरी कोण कोण आहे, एवढंच विचारून घेतलं आणि मला ओढ्यापर्यंत सोडायला आला.

आठवडा झाला नसेल, मला ज्योतीचा फोन आला. ती गोंधळलेली होती. वरच्या पाड्यावरचा कोणी रामसिंग म्हणून माणूस सकाळी घरी आला होता, म्हणाली. तूरडाळीचं गाठोडं घेऊन. ओट्यावर बसला, आप्पांच्या फोटोला हात जोडले, आईला म्हणाला, चूक त्यांची नव्हती, मला आता कळलं. मग जेवायलाही न थांबता गेला.

"ताई, आई विचारतेय, कसली चूक?" ज्योती म्हणाली. "आप्पा तर घरी कधी काही बोलले नाहीत. तुम्हाला काही माहीत आहे का?"

मी तिला म्हणाले, काकूंनाही जवळ बोलाव. फोनवर खुर्ची सरकवल्याचा आवाज आला, काकूंचा श्वास ऐकू आला. मग मी त्या दोघींना बिजली आली त्या दिवसापासून सांगायला लागले.